भाचे-पुतणे वगळून

आमच्या सोसायटीच्या नियमांत एकच वाक्य मी घातलेलं होतं, आणि नेमकं तेच चुकलं.

सोसायटी म्हणजे लातुरातली तीन मजली, बारा घरांची साधी इमारत. आम्ही सगळे तिथं भाडेकरू होतो. मी डबे करते, क्लासच्या पोरापोरींना दोन वेळचं जेवण पोचवते. तळमजल्यावर शिलाई मशीन दुरुस्त करणारे चाचा राहतात. त्यांच्या कितीतरी पिढ्या लातुरातच गेल्या. वर एक मास्तर, कुणी दालमिलमध्ये, कुणी कोर्टात बेलिफ. मालक हैदराबादला मुलाकडं राहायला गेला होता आणि त्याला इमारत विकून मोकळं व्हायचं होतं. गिऱ्हाईकही तयार होतं. एक हॉस्टेलवाला.

लातुरात खोली भाड्यानं जात नाही, कॉट जाते. एका खोलीत चार कॉट, प्रत्येक कॉटचं भाडं वेगळं. चार गावांहून आलेल्या चार बापांपुढं एका कुटुंबाचं भाडं टिकत नाही. क्लासच्या आसपासच्या गल्ल्या अशाच रिकाम्या झालेल्या आम्ही बघितल्या होत्या. माझं पोट त्याच पोरांवर चालतं, त्यामुळं मला फार बोलता येत नाही, पण जे आहे ते आहे.

मालकाचा फोन आला त्या संध्याकाळी आम्ही जिन्यात जमलो. चाचा म्हणाले, "त्यो घेऊन राहिला ना? मग आपणच घेऊ."

बेलिफ हसला. "चाचा, मशीन न्हाई घ्यायची. बिल्डिंग हाय."

"मग काय झालं? मशीनलाबी तुमी आधी न्हाईच म्हणता. मग हप्त्यावर नेता."

तसंच झालं. मालकाला चाचांनी मुदत मागितली, त्यानं दिली, कारण बारा कुटुंबांना बाहेर काढण्याचं काम हॉस्टेलवाला त्याच्यावरच टाकणार होता. मग सोसायटीची नोंदणी, बँक, कर्ज, कुणाचे दागिने, कुणाचा फंड. ते सगळं सांगत बसत नाही. वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आणि चहा फार झाला. शेवटी इमारत सोसायटीच्या नावावर झाली.

नियम आम्ही गच्चीवर बसून केले. पहिला असा की घर सोसायटीचं. जो सोडून जाईल त्यानं ते सोसायटीला परत द्यायचं, भरलेले पैसे आणि त्यावर ठरलेली थोडी वाढ घ्यायची, आणि वाट बघणाऱ्यांच्या यादीतल्या पुढच्या कुटुंबाला तेवढ्यातच ते मिळायचं. बाजारभावाचं नाव काढायचं नाही. दुसरा नियम असा की कुणीही कॉट लावायच्या नाहीत. कॉटवाल्याच्या हातून इमारत सोडवायची आणि मग आपणच कॉटवाले व्हायचं, याला अर्थ नव्हता.

तेव्हा मी हात वर केला. माझा धाकटा भाऊ देगलूरला असतो. त्याची मुलगी तेव्हा नववीत होती आणि दहावीनंतर लातूरलाच येणार, हे घरात ठरलेलं होतं. मी विचारलं, "भाचीलापण कॉटच धरणार का?"

सगळे एकदम बोलायला लागले. भाचीला कोण नाही म्हणतं? घरचं लेकरू शिकायला आलं तर काय दाराबाहेर ठेवायचं? बेलिफ लिहून घेत होता. मी सांगितलं, "लिहा, भाचे-पुतणे वगळून." त्यानं लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या.

पहिल्या वर्षी इमारतीत तीन भाचे आले. पुढच्या वर्षी माझी भाची आली, आणि तोवर जिन्यात चपला मावेनाशा झाल्या होत्या.

मास्तर एकुलते एक. त्यांच्या बायकोलाही भाऊ नाही की बहीण नाही. तरी त्यांच्याकडं दोन भाचे होते. मी एकदा जिन्यात विचारलं तर म्हणाले, "मानलेल्या बहिणीचे आहेत."

"दोघं एकाच बहिणीचे?"

"नाही, बहिणी दोन मानलेल्यात."

दुसऱ्या एका घरातला पुतण्या आपल्या काकांना 'अंकल' म्हणायचा आणि त्यांचं आडनाव त्याला ठाऊक नव्हतं. मला हे सगळं कळायचं, कारण डबा माझा जायचा आणि डब्याचे पैसे द्यायला येणारे बाप खोलीचं भाडंही बोलून दाखवायचे. खरं सांगायचं तर मी गप्प बसले. डबे वाढले होते. शिवाय माझी भाची सख्खी होती, म्हणून मी स्वतःला त्यांच्यात धरत नव्हते.

दुसऱ्या मजल्यावर कॉलेजातले एक सर राहायचे. त्यांची नांदेडला बदली झाली. बायको-मुलांसकट ते गेले. नियमाप्रमाणं त्यांचं घर परत यायला हवं होतं. त्यांनी मोठ्या खोलीत सहा कॉट टाकल्या आणि चाचा सोसायटीचे अध्यक्ष म्हणून त्यांना कळवलं की पुतणे शिकतायत, तोवर घर असू द्या.

यादीत पहिलं नाव एका एसटी कंडक्टर बाईंचं होतं. त्या औसा रोडला एका खोलीत सासू आणि दोन मुली घेऊन राहायच्या. नवरा नव्हता. एप्रिलच्या शेवटी त्या ड्यूटीवरून तशाच माझ्याकडं आल्या, खाकी साडीत, तिकिटाची बॅग काखेला.

"ताई, माझा नंबर पहिला हाय का न्हाई?"

"पहिलाच आहे."

"मग गाडी कवा लागायची? दोन वर्सं झाली फलाटावर उभी हाय मी."

मी पाणी दिलं. त्यांच्या घरमालकानं मे संपेपर्यंत खोली रिकामी मागितली होती. जूनमध्ये नव्या बॅचा सुरू होतात, त्याला कॉट लावायच्या होत्या. बाईंनी दुसरीकडं बघायला सुरुवात केली होती. "एक जण इचारतो, पोरं किती? मी म्हणते दोन पोरी. त्यो म्हणतो, न्हाई, क्लासवाली किती? दुसरा आडनाव इचारतो. आडनाव सांगितलं की खोली कालच गेल्याली असती." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "कुठंच न्हाई मिळालं तर सासूला अन् पोरींना गावाकडं धाडावं लागंल. मोठी आता दहावीत जाईल. तिथं शाळा सातवीपर्यंत."

मी भांडी आवरून चाचांकडं गेले. रविवारी आम्ही दोघं नांदेडला जाऊन सरांना भेटलो.

सर दोन खोल्यांत राहत होते, भाड्यानं. नांदेडलाही क्लासचं वारं लागलेलंच आहे. त्यांच्या बायकोनं चहा केला, चिवडा दिला. चाचांनी विषय काढला तसे सर माझ्याकडं वळले.

"मॅडम, नियम वाचा. भाचे-पुतणे वगळून. वाक्य तुमचंच आहे."

"सहाच्या सहा पुतणे?"

"चुलत, मावस धरून. तुमच्याकडं भाची आहे ना? ती चालते, मग माझेच का टोचतात?"

चाचा म्हणाले, "सर, आमच्या भाचीची आत्या त्या घरात राहती. तुमच्या पुतण्यांचा काका नांदेडात बसून चिवडा खाऊन राहिला."

सरांची बायको पदरात हसली. सरांना हसू आलं नाही. म्हणाले, "चाचा, इथलं भाडं त्या कॉटांमधून निघतं. सोसायटी देईल त्या पैशात मला नांदेडात पायरीसुद्धा मिळणार नाही. सभेत मांडा. नियमात बसत नसेल तर बघू." माणूस वाईट नव्हता. आम्ही ज्या अडचणीतून सुटलो तिच्यात तो परत जाऊन पडला होता, आणि तिचा खर्च कंडक्टर बाईंकडून काढत होता.

परतीच्या गाडीत चाचा अहमदपूर गेल्यावर म्हणाले, "बाई, कोण खरा, कोण मानलेला, हे आपण कुठवर तपासायचं? रेशन कार्ड बघायचं का? वगळायचंच असलं तर ते वाक्यच वगळा."

"माझी भाची खरी आहे, चाचा."

"खरीच हाय. म्हणून तर तुमीच काढायचं. मास्तरनं काढलं तर लोक हसतील."

भाचीचं अजून एक वर्ष बाकी होतं. बाकीच्यांचं तसं नव्हतं. मेडिकलची मोठी परीक्षा मेच्या सुरुवातीलाच झाली होती, पोरं गावोगाव गेली होती, कुणाच्या अभ्यासाचं नुकसान होणार नव्हतं. जूनमध्ये येणाऱ्या नव्या पुतण्यांचा मात्र प्रश्न होता. त्यांच्या बापांनी पैसे आधीच भरले होते. म्हणजे खरोखर घराबाहेर जाणारी एकटी माझीच.

मी देगलूरला फोन केला. भाऊ ऐकून घेऊन म्हणाला, "अक्का, सख्ख्या आत्याच्या घरात जागा न्हाई व्हय?"

"जागा आहे. नियमात बसत नाही."

"नियम कुणी केला?"

"मीच."

"मग तूच मोड की."

"मोडलाय सगळ्यांनी. म्हणून तर ही वेळ आली."

"गावात काय सांगू? आत्यानं हाकललं?"

"तसंच सांग. मी काही या उन्हाळ्यात तिकडं येत नाही."

त्यानं फोन बायकोकडं दिला. ती एवढंच म्हणाली, "वन्सं, पोरीच्या जेवणाचं?" मी सांगितलं की डबा माझाच जाईल आणि त्याचे पैसे मी घेणार नाही. हॉस्टेलचा निम्मा खर्चही मी उचलते म्हटलं. त्यावर पलीकडं भाऊ मोठ्यानं काहीतरी बोलला, ते मला नीट ऐकू आलं नाही. बरंच झालं. नंतर चारेक महिने तो माझ्याशी मोजकंच बोलत होता.

भाचीला मी रात्रीच्या पोळ्या करता करता सांगितलं. तिनं थोडा विचार केला. "तिथं सकाळी उठून कोथिंबीर निवडायची नसते ना?"

"नसते."

"मग ठीक आहे, आत्या." आणि ती परत पुस्तकात गेली. मला जरा लागलं, पण बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सभा पुढच्या रविवारी गच्चीवर झाली. सर नांदेडहून आले. मी उभी राहून सांगितलं की ते वाक्य माझं होतं आणि मी ते मागे घेते. पाहुणा आठ दिवस, त्यापुढं कुणीही नाही.

मास्तर म्हणाले, "नात्यागोत्याचा काही विचार? उद्या सख्खी बहीण दारात आली तर?"

"बहीण आली तर राहू द्या. कॉटचं भाडं घेऊ नका म्हणजे झालं."

"हे तुमच्यावर आलं असतं म्हणजे कळलं असतं."

"माझी भाची बुधवारी हॉस्टेलला चाललीय," मी म्हटलं. "मोठी बॅग न्यायला कुणी गाडी देणार असेल तर बघा."

यावर मास्तर बसले. सरांनी शेवटचा प्रयत्न केला. घर सोडतो, पण आजच्या बाजारभावानं, म्हणाले. चाचांनी विचारलं, "सर, तुमी आत आला तवा कोणत्या भावानं आला होता?" सर म्हणाले, कोर्टात जाईन. बेलिफ म्हणाला, "या की. समन्स मीच आणून देतो." मग हात वर झाले. विरोधात तीन, त्यांत सर आणि मास्तर.

सर कोर्टात गेले नाहीत. पंधरा दिवस फोन उचलला नाही, मग एक दिवस आले, नव्या पुतण्यांच्या बापांचे पैसे परत करायला सोसायटीनं थोडी रक्कम लवकर द्यावी असं म्हणाले. आम्ही दिली. मे संपायला चार दिवस असताना चावी चाचांच्या हातात आली. कॉट सरांनी विकल्या, त्या विकत घ्यायला लातुरात माणूस शोधावा लागत नाही.

कंडक्टर बाई एका टेम्पोत सगळा संसार घेऊन आल्या. सासू ड्रायव्हरशेजारी बसली होती. घर मोकळं केलेलं होतं, फरशीवर कॉटच्या पायांचे गोल डाग तेवढे राहिले होते. मुलींनी ते घासायला घेतले. बाईंनी कागदांवर सह्या केल्या, प्रत्येक पान वाचून, आणि एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दाखवली.

संध्याकाळी मी जेवण घेऊन वर गेले. सासूबाई भिंतीपाशी उभ्या होत्या. एका हातात कापडात गुंडाळलेली तसबीर, दुसऱ्या हातात खिळा. सून ड्यूटीला गेली होती. मला बघून त्यांनी खिळा पदराआड घेतला.

"मालकीणबाई, ठोकू का हितं एक? अकरा महिन्यांनी काढून घेईन, भोक बुजवून दीन."

"मी मालकीण नाही," मी म्हटलं. "अकरा महिन्यांच्या कराराचं पण काही नाही."

त्यांनी खिळा पदरात आणखी आत घेतला. बहुतेक त्यांना वाटलं मी नाही म्हणतेय.

"ठोका," मी म्हटलं. "फक्त जरा डावीकडं घ्या. बोअरचा पाइप त्या भिंतीतून वर जातो."