कावळा शिवेपर्यंत

"दादा, बांधाचं भांडण मिटवतो म्हणलं. म्हस इकत न्हाय म्हणलं. आता आजून काय ऱ्हायलंय तुमचं?"

मयताचा धाकटा भाऊ नीरेच्या घाटावर उभा राहून बाभळीवरच्या कावळ्यांवर ओरडत होता. सकाळी ठेवलेले पिंड उन्हानं भाकरीसारखे भाजून निघाले होते. कावळे तर इतके, की अख्खी बाभळ काळी दिसत होती. पण खाली उतरायला एक तयार नव्हता. त्यातल्या एकानं माझ्याकडं बघून जांभई दिली, आईशप्पथ.

मी साहेबांचा ड्रायव्हर. साहेब आमदार, किती वेळचे, ते सांगायला मलाही बोटं कमी पडतात. आमच्या भागात पुढाऱ्यानं दहाव्याला जायचं, चार शब्द बोलायचे. साहेबांनी इतके दहावे केले, की जित्या मतदारांपेक्षा त्यांची मेलेल्यांशी ओळख जास्त. त्यात माणूस जुन्या वळणाचा. "कावळा शिवायच्या आधी घाट सोडणारा पुढारी मताला लायक न्हाय," हे वाक्य त्यांनी गावोगाव इतकं घोटलं होतं, की पिंजऱ्यातले पोपटसुद्धा म्हणायचे. दर्भाचा कावळा करून विधी उरकणाऱ्यांवर तर ते सभागृहात तुटून पडले होते. अध्यक्षांनी माईक बंद केला, तरी आवाज चर्चगेटपर्यंत गेला म्हणतात. मी खाली गाडीत होतो. काचा हादरल्या एवढं खरं.

आणि त्या दिवशी त्यांच्या खिशात घडी घातलेला कागद होता. उमेदवारी मागं घ्यायचा. शेवटचा दिवस, तीनच्या आत इंदापूरला कचेरीत द्यायचा होता. गुडघे गेले होते, परत अर्ज भरला म्हणून बाईसाहेबांनी बोलणं टाकलं होतं. सकाळी गाडीत बसताना साहेब म्हणाले होते, "आज सुटलो बघ." हे ठाऊक फक्त आम्हा दोघांना. कागद दुसऱ्याच्या हाती पाठवला असता, तर बोभाटा होऊन निम्मा तालुका माझ्या चाकापुढं आडवा पडला असता.

एक वाजला. मी कानाशी लागलो, "साहेब, दर्भाचा करू द्या. कोण काय म्हणतंय?"

"मी म्हणतो की इतकी वर्षं," ते म्हणाले, आणि घड्याळ बाहीखाली सारलं.

तेवढ्यात मयताची बायको पुढं आली. तिचा नवरा साहेबांच्या पहिल्या निवडणुकीपासून भिंती रंगवत आला होता. पदर सावरत ती म्हणाली, "त्यांचा जीव एकातच आडाकलाय. साहेबांनी परत उभं ऱ्हावं, मागं सरू न्हाय, म्हणायचं. दवाखान्यातबी त्येच."

सगळा घाट साहेबांकडं वळला. कावळेसुद्धा. साहेबांचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. मग ते कण्हत पिंडापुढं गेले, हात जोडले.

"उभा ऱ्हातो गड्या. जा तू."

जोडलेले हात खाली यायच्या आत कावळा उतरला. नुसता शिवला नाही, भात खाऊन चोच पुसून गेला. लोक समाधानानं उठले. बाई साहेबांच्या पाया पडली.

गाडीत बसलो. अजून दोन वाजले नव्हते. मी चावी फिरवली आणि आरशात न बघता विचारलं, "येळ हाय साहेब. इंदापूरला घेऊ?"

"फुडच्या गावाला घे," ते म्हणाले. "तितं मतं मागायला जायचं ऱ्हायलंय."