बाईंसाठी चुकवलेली सम

तिसरा चमचाही सुलोचनाबाईंनी ओठ मिटून परत पाठवला. त्यांच्या मुलीने, रूथने, वाटी खाली ठेवली आणि ओढणीने डोळे पुसले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ढोलकीकडे पाहिलं.

मी याकोब. आमच्या चर्चमध्ये घंटा वाजवणं, बाक पुसणं आणि भजनाला ढोलकी धरणं ही माझी ड्यूटी. शिक्षण चौथी, तेही अर्धं. पण इतक्या वर्षांत ठेका चुकलेला नाही. विचारा कुणालाही.

सुलोचनाबाई आमच्या पेटीवाल्या. शाळेतून रिटायर झाल्या, पेटीवरून नाही. खुब्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पण नाशिक रोडच्या घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड. बोलणं बंद, जेवण बंद. डॉक्टर म्हणाले, आज खाल्लं नाही तर उद्या ॲडमिट करा, नाकातून नळी घालू. म्हणून आमची ही ‘भेट’. भेट म्हणजे आजाऱ्याच्या घरी जाऊन एक प्रार्थना, एक भजन आणि चहा.

प्रार्थना झाली. भजन झालं. बाई भिंतीकडेच.

पाळकसाहेब वयाने तरुण, पण डोकं तयार. त्यांनी मला गॅलरीत नेलं.

“मामा, ठेका चुकवा.”

“काय?”

“बाईंना सगळं सहन होतं, बेताल सहन होत नाही. चुकवा.”

“साहेब, संडास धुवायला सांगा, धुतो. हे जमणार नाही.”

“मागच्या रविवारी मी करुणेवर बोललो, तेव्हा मान डोलवत होतात की!”

“डुलकी लागली होती, साहेब.”

तणतणत आत आलो. बाईंचा हात चादरीवर पडला होता. पेटीवर पळणारी ती बोटं, आता नुसती ठेवलेली. ढोलकी मांडीवर घेतली आणि भजनाचा नेहमीचा ठेका, केरवा, धरला.

सम म्हणजे ठेका फिरून जिथं घरी परत येतो ती पहिली मात्रा. मी घरी आलोच नाही. एक मात्रा पुढे जाऊन बसलो. कान गरम झाले. दुसऱ्यांदा चुकलो. तिसऱ्यांदा तर ठेका सरळ शेजाऱ्याच्या घरात घुसला.

बाईंचे खांदे हलले. मान वळली.

“याकोब! सम कुठे टाकलीस?”

“इथंच तर आहे, बाई.”

“तिथं? मी पडले काय, तू सुटलासच! रूथ, उठव मला. उशी लाव. बघतेच याच्याकडे!”

पाळकसाहेब तोंडासमोर बायबल धरून हसत होते. रूथ हसत होती, रडत होती, चमचा भरत होती. बाई पलंगावर टाळी देत होत्या, मला झापत होत्या आणि मधेमधे गिळत होत्या. मलाही हसू आवरेना. हसता हसता एकदा खरंच चुकलो.

“बघ, पुन्हा!” बाई ओरडल्या. वाटी रिकामी.

आता दर रविवारी बाई व्हीलचेअरवर चर्चला येतात आणि माझ्या शेजारीच बसतात. सगळ्यांना सांगून ठेवलंय, म्हातारपणी याकोबचा हात बिघडला, मी सुधारतेय. मी मान डोलवतो. एकदा सवयीने पूर्ण भजन बरोबर वाजवलं, तर बाईंचा चेहराच पडला. तेव्हापासून प्रत्येक भजनात एकदा चुकतो.

पाळकसाहेब म्हणतात, यालाच करुणा म्हणतात. असेल. मला एवढंच कळलंय, की बरोबर वाजवण्यापेक्षा बेमालूम चुकायला जास्त प्रॅक्टिस लागते. आणि त्यातही अख्ख्या नाशकात माझा हात धरणारा कुणी नाही.