आठवडाभराची चूल

ऑस्ट्रेलियात बहिणीने आईला आणि मला एक गाव दाखवायला नेलं. तिथे शहरातली कुटुंबं आठवडाभर पहिल्या गोऱ्या वसाहतवाल्यांसारखी राहतात. लांब झगा घातलेली एक बाई चुलीशी झटत होती. लाकडं गच्च कोंबलेली, त्यामुळे नुसता धूर. आईला ते बघवेना. बघ्यांसाठी बांधलेली दोरी ओलांडून ती आत शिरली, दोन लाकडं मागे ओढली आणि वाकून फुंकर मारली. भक्कन जाळ झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"कुठे शिकलात हे?" त्या बाईचा प्रश्न मी आईला मराठीत सांगितला.

"सासरी."

इतिहास काचेच्या कपाटात असतो, असं मी समजत होतो. तो माझ्याशेजारी डोळे पुसत खोकत होता.

निघताना आईने विचारलं, "किती दिवस हे करायचंय हिला?"

"शनिवारी सुटेल," बहीण म्हणाली.

"नशीबवान आहे गं!"