अम्मानच्या थिएटरातला जबाब

अम्मानच्या रोमन थिएटरात लोक फोटो काढायला जातात. मी तिथे एकाचे दात पाडले.

सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. बिरवाडीच्या कारखान्यात वेल्डिंग शिकून मी जॉर्डनला बांधकामावर गेलो होतो. माझ्या खोलीत पोलादपूरकडचाच एक गवंडी होता, आमच्या नदीपलीकडच्या गावचा. परमुलखात आपल्या बोलीचा माणूस भेटला की बरं वाटतं म्हणतात. मला त्याचं तोंड पाहिलं की हात शिवशिवायचे.

कारण जाखडी. गणपतीत आमच्याकडे जाखडीचे सामने रंगतात. शक्तीला थोर मानणारे शक्तीवाले आणि शिवाला थोर मानणारे तुरेवाले समोरासमोर उभे राहून गाण्यातून सवाल-जबाब करतात. आमचं गाव शक्तीवालं, त्याचं तुरेवालं. आमचे शाहीर म्हणजे माझे बाबा. एका वर्षी त्यांनी सवाल टाकला:

नव्हती धरती, नव्हतं गगन, पहिली हाक कोणी दिली?
शिव बोलला का शक्ती बोलली, सभेत सांगा या वेळी.

तुरेवाले गप्प. आमच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, त्यांची आयमाय काढली, आणि तिकडून दगड आला. बाबांशेजारी मृदंगावर मी होतो. दगड बाबांच्या डोळ्यावर बसला, मृदंगाच्या शाईवर त्यांचं रक्त सांडलं. मग काठ्या निघाल्या, कोयते निघाले. मी एकाचं मनगट मोडलं, कोणाचं ते अजून ठाऊक नाही. बाबांना ट्रकात घालून महाडला नेलं. डोळा गेला.

बाबा पुन्हा गायले नाहीत. पण त्यांचा सवाल कोणाला सुटला नाही हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर ते ताठ मानेने जगत होते. दर गणपतीत कोणीतरी येऊन म्हणायचं, "शाहीर, तुमच्या सवालाला अजून जबाब नाय." बाबा उरलेला डोळा मिटून हसायचे. जबाब त्यांनी फक्त मला सांगितला होता.

तर एका शुक्रवारी, सुट्टी म्हणून, आम्ही दोघं थिएटर बघायला गेलो. भर शहरात, मोटारींच्या गोंगाटात, डोंगराच्या कुशीत दगडी पायऱ्या आमच्याकडच्या भातखाचरांसारख्या वर चढत गेलेल्या. मोडक्या पायऱ्यांत नवे दगड बसवून डागडुजी केली होती. गवंड्याने हात फिरवून पाहिला आणि सांधे बरे धरलेत म्हणाला. रखवालदाराने खाली मधोमध एक जागा दाखवली. तिथे बोललेलं अगदी वरच्या पायरीवर ऐकू जातं म्हणे.

"तू वर जा," गवंडी म्हणाला. "मी बोलून बघतो."

मी धापा टाकत वर जाऊन बसलो. तो त्या जागेवर जाऊन उभा राहिला. मग त्याने कानावर हात ठेवला आणि बाबांच्याच चालीत गायला लागला:

नव्हता कान तर हाक कुठली, सांग मला तू शाहिरा,
ऐकणाऱ्याविना हाकच नाही, जबाब माझा घे पुरा.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी धावत सुटलो. पायऱ्या उभ्या, मध्येच गडगडलो, गुडघा फुटला. खाली पोचलो तो थेट त्याच्या तोंडावर ठोसा घातला. तो पडला तसा छातीवर बसून मारत राहिलो. बघायला आलेली माणसं ओरडत बाजूला झाली. रखवालदार मागून माझी कॉलर ओढत होता.

गवंड्याने हात उचलला नाही. रक्ताबरोबर दात थुंकला.

"मार," तो म्हणाला. "दगड आमच्याच मानसाचा होता. जबाब येत नाय म्हनून दगड मारला, ह्ये आमाला लई खुपतंय रे. एवढी वर्सं मी त्यो जबाब शोदत होतो. आज हितं उभा राह्यलो नि सुचला. गनपतीला घरी जातोय, तुज्या बापासमोर गानार हाय. बराबर हाय का नाय, तेवढं सांग."

बरोबर होता. बाबांनी मला सांगितला तोच.

"चूक हाय," मी म्हणालो, आणि आणखी एक ठेवून दिली.