स्पोर्ट्स कारमधला आवाज आणि माझी डोकेदुखी

मागच्या महिन्यात एका शनिवारी मी आणि प्रशांत इथे जर्मनीत, बांबेर्गबाहेरच्या एका मीटवेर्कश्टाटमध्ये होतो... म्हणजे तासावर भाड्याने मिळणारं गॅरेज, जिथे आपली गाडी आपणच खोलायची. तिथे जे सापडलं त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

प्रशांत म्हणजे माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी त्याने मोठ्या हौसेने एक जुनी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार घेतली. आम्ही दोघं रोज तिनेच एर्लांगेनला ऑफिसला जातो.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग हिवाळ्यात एका वर्कशॉपमधून एक्झॉस्टचं, म्हणजे धुराच्या नळीचं, काम करून आणलं आणि आवाज वाढला. ऑटोबानवर शंभरच्या पुढे गेलं की माझ्या सीटमागून एक घुमणारा आवाज सुरू व्हायचा... बोललेलं ऐकू यायचं नाही, आणि एर्लांगेन येईपर्यंत माझं डोकं ठणकायला लागायचं.

ज्याला सांगावं तो हसायचा. त्या वर्कशॉपमधल्या माणसाने तर माझ्याकडे बघितलंही नाही. तो प्रशांतला म्हणाला, ही स्पोर्ट्स कार आहे, सोफा नाही. प्रशांतही हसला... ते मला जास्त लागलं.

सासूबाई स्काइपवर म्हणाल्या, "अगं, हौसेने घेतलीय त्याने. थोडं सहन कर." डॉक्टरांना सांगितलं की शनिवार-रविवार डोकं दुखत नाही. ते म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर! मग हा कामाचाच ताण." गोळ्या लिहून दिल्या, आणि मीही मुकाट्याने घेतल्या.

शेवटी मीच वाचून वाचून साउंड डेडनिंगचं सामान मागवलं. एका बाजूने चिकट आणि वरून अ‍ॅल्युमिनियम लावलेल्या जाड शीट्स. त्या आतून पत्र्याला चिकटवून रोलरने दाबल्या की पत्रा थरथरायचा थांबतो. यावर प्रशांतचं म्हणणं काय, तर गाडीचं वजन आठ किलोने वाढेल... बायको रोज डोकं धरून उतरते त्याचं काही नाही, पण आठ किलो!

तर तो शनिवार. गॅरेजचे मालक हेर लिंडनर, सत्तरीचे, अतिशय कमी बोलणारे. मी शीट्सचा गठ्ठा खाली ठेवला तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "आवाज कुठून येतो? दाखवा."

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. मी हाताने सीटमागची जागा दाखवली.

गाडीच्या खाली उतरून काम करता यावं म्हणून गॅरेजात खड्डा असतो, त्यावर गाडी उभी केली. प्रशांतने सीट काढल्या, मी आत गुडघ्यांवर बसून कार्पेट उचललं. हेर लिंडनर दिवा घेऊन खालच्या खड्ड्यात उतरले... आणि पत्र्यातून उजेड वर आला. माझ्या सीटच्या मागे नाण्याएवढं भोक होतं. तिथलं रबरी बूच त्या वर्कशॉपने एक्झॉस्टचं काम करताना काढलं होतं आणि परत लावलंच नव्हतं. भोकाच्या कडेला काळी काजळी जमली होती.

खालून आवाज आला, "फ्राऊ कांबळे, तुमचं डोकं दुखतं का?"

मी त्यांना डोकेदुखीबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

मी हो म्हटल्यावर ते वर आले. शांतपणे म्हणाले, "एक्झॉस्टचा जोड गळतोय, बरोबर या भोकाखाली. आवाज येतो तिथूनच धूर येतो. दुरुस्त होईपर्यंत या गाडीत बसू नका."

प्रशांतच्या हातात रोलर होता. तो तसाच जमिनीवर बसला. ऑफिसात पोचेपर्यंत त्यालाही रोज जांभया यायच्या... आम्ही म्हणायचो, झोप पुरत नाही.

गाडी तिथेच सोडून आम्ही ट्रेनने घरी निघालो. प्लॅटफॉर्मवर तो म्हणाला, "मी ऐकायला हवं होतं." मी 'असू दे' म्हटलं नाही. खरंच ऐकायला हवं होतं.

सोमवारी मी भोकाचा फोटो घेऊन त्या जुन्या वर्कशॉपमध्ये गेले. त्याच माणसाने फोटो बघितला आणि खांदे उडवले. "होतं असं कधीकधी." मी म्हटलं, आता मला हे लेखी द्या. तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे नीट बघितलं! गाडी तिथून ओढून आणवली, जोड बदलून दिला, बूच लावून दिलं... सॉरी मात्र शेवटपर्यंत म्हणाला नाही.

नंतर आम्ही दोघांनी मिळून सगळ्या शीट्स लावल्या. गाडी आता खरंच शांत आहे, आणि माझं डोकं दुखायचं थांबलंय. डॉक्टर म्हणाले, ते धुरामुळेच होतं हे आता सिद्ध करता येणार नाही, पण गोळ्या बंद करा.

सगळ्यात जास्त राग मला स्वतःचा येतो. इतके जण हसले की मीच नाजूक आहे, किरकिरी आहे, असं मला वाटायला लागलं होतं. हेर लिंडनरनी नुसतं 'दाखवा' म्हटलं नसतं, तर मी त्या भोकावरही शीट चिकटवली असती आणि धूर कुठून येतो ते कधी कळलंच नसतं. त्यांचे आभार कसे मानायचे ते मला अजून समजत नाही.

परवा खालच्या मजल्यावरच्या आजी सांगत होत्या, तळघरात कसलातरी वास येतो. इमारतीची देखभाल करणारा माणूस हसला. मी टॉर्च घेतला आणि आजींबरोबर खाली गेले. अजून काही सापडलेलं नाही... आज संध्याकाळी पुन्हा जाणार आहोत.