बर्फावरच्या सिस्टर

गाडीत बसण्याआधी सिस्टर रस्त्याला हात लावायच्या. नमस्कार म्हणून नव्हे. हिवाळ्यात पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलमधली रात्रपाळी संपवून सकाळी बाहेर आल्या की पार्किंगमध्ये उकिडव्या बसायच्या, हातमोजा काढायच्या, तळवा डांबरावर सपाट टेकवायच्या आणि पेशंटचा ताप बघावा तशा दोन क्षण थांबायच्या. "आज टायर कडक झालेत. पहिली दहा मिनिटं हळू," असं काहीतरी पुटपुटत उठायच्या आणि मग त्या पिवळ्याधमक, बुटक्या, मागे पंख लावलेल्या गाडीत अशा शिरायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई आता विमानच उडवणार!

सिस्टर मूळच्या मिरजेच्या. उंची बेताची, त्यामुळे सीटवर उशी घेऊन बसायच्या. गाडी जपानहून वापरून आलेली, टर्बो इंजिनाची, चारही चाकांना ताकद देणारी. इथल्या मराठी मंडळींत त्या गाडीवरून पुष्कळ बोललं जायचं. गणपतीच्या जेवणात एकदा कुणीतरी विचारलंच, "सिस्टर, या वयात स्पोर्ट्स गाडी?" सिस्टर पुरणपोळीवर तूप घेत म्हणाल्या, "या वयातच. तरुणपणी मिरजेत बर्फ कुठे होता?"

मी पुण्याहून आले ती हॉस्पिटलच्या औषध विभागात नोकरीला. नवरा वेलिंग्टनला आयटीत, शनिवार-रविवारी यायचा. मला गाडी चालवता येत होती, पण थंडीतल्या रस्त्याची धास्ती वाटायची. हे सिस्टरना कळलं मात्र, त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "रविवारी सहा वाजता तयार राहा. दोन स्वेटर घाल," एवढंच म्हणाल्या.

डोंगराच्या पायथ्याला ओहाकुने गावाजवळ त्यांच्या ओळखीचा एक माओरी शेतकरी होता, टॅम नावाचा. त्याच्या गाजरं धुवायच्या शेडमागे मोठं सपाट आवार होतं. आम्ही पोचलो तेव्हा ते पांढरंशुभ्र झालेलं. "किया ओरा, सिस्टर!" टॅमनं ओरडून माओरीत रामराम केला आणि गाजरांच्या रिकाम्या बादल्या आणून ओळीनं मांडल्या. दोघांचं हे नेहमीचं असावं.

"पट्टा घट्ट कर," सिस्टर म्हणाल्या आणि निघाल्या. अहाहा! ते मला आजही शब्दांत नीट सांगता येत नाही. साधी गाडी अशा बर्फावर जागच्या जागी चाकं फिरवत बसली असती. ही मात्र चारही पायांनी जमीन धरून सुटली. वळणावर सिस्टरनी किंचित पाय दिला, तसं गाडीचं मागचं अंग बाहेर गेलं, पण पुढची चाकंही ओढतच होती. त्यामुळे गाडी गरकन फिरली नाही, तिरकी तिरकी पुढे जात राहिली. खिडकीवर बर्फाचा फवारा, इंजिनाची शीळ, आणि शेजारी उशीवर बसून खळखळून हसणाऱ्या सिस्टर. मी आधी किंचाळले आणि मग मीही हसायला लागले.

नंतर माझी पाळी. "दुसऱ्या गिअरवर उचल. पाय मऊ. स्टिअरिंगला झटका नाही." गाडी अलगद निघाली. दोन फेऱ्यांत मला वाटायला लागलं, हे तर सोपं आहे! सिस्टरना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. "आता समोरच्या बादलीआधी थांब बघू."

मी ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेक थरथरले, पण गाडी घसरतच राहिली आणि बादलीला उडवून दहा पावलं पुढे जाऊन थांबली.

"ही बादली कोण होती?" सिस्टरनी विचारलं.

"कोण म्हणजे?"

"ते तू ठरव." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चारही चाकं तुला पळवतात गं. थांबवायला मात्र प्रत्येक गाडीला चारच ब्रेक. या पिवळीलाही आणि टॅमच्या त्या खटाऱ्यालाही. चांगली गाडी तुला बर्फावर आत नेते. बाहेर तुझं तू यायचं."

टॅमनं अंगठा वर करून "स्वीट ॲज!", म्हणजे झकास, असं म्हटलं आणि बादली परत जागेवर ठेवली. त्या दिवशी मी अकरा बादल्या उडवल्या.

पुढच्या हिवाळ्यात माझी आई पहिल्यांदाच इथे यायची होती. एकटी, इंग्रजीचे चार शब्द, आणि विमान दुपारी ऑकलंडला उतरणार. नवरा कामासाठी ऑस्ट्रेलियात. आदल्या दिवशी डोंगरावरून जाणारा हमरस्ता बर्फानं बंद झाला, पण सकाळी सातला उघडल्याची बातमी आली. सिस्टर माझ्या दारात हजर. "उघडा म्हणजे कोरडा नव्हे. चल, माझी गाडी घेऊ, तिला हिवाळी टायर आहेत."

"मी चालवते," मी म्हणाले. माझ्या आईला आणायला मीच चालवत जायचं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. सिस्टरनी किल्ली दिली.

वाययूरू गाव सोडल्यावर चढ लागला. दोन्ही बाजूंना पिवळट गवत पांढऱ्यातून डोकावत होतं, समोर रुआपेहूचा पूर्ण डोंगर. कडेला लोक थंडीनं कुडकुडत चाकांना साखळ्या बांधत होते आणि मी त्यांच्या शेजारून दिमाखात वर चालले होते. काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं! "सिस्टर, काय गाडी आहे हो!" त्या नुसत्या पुढे बघत होत्या. "उतार येईल," एवढंच म्हणाल्या.

उतार आला आणि सावलीतलं एक वळण आलं. वळणापलीकडे प्रवाशांची एक कॅम्परव्हॅन रस्त्यात आडवी होऊन उभी होती. मी जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला, स्टिअरिंग डावीकडे वळवलं. ब्रेक थरथरले, चाकं वळलेली, आणि गाडी सरळ त्या व्हॅनच्याच दिशेनं!

"ब्रेक सोड!"

मी सोडीना.

"सोड म्हणते ना! व्हॅनकडे बघू नकोस. डावी कड बघ, तिथे जायचंय तुला!"

घसरणाऱ्या गाडीचा ब्रेक सोडायचा, हे पायाला पटतच नव्हतं. पण तो आवाज वॉर्डातला होता, ऐकावाच लागणारा. मी पाय काढला, नजर डावीकडे नेली. एक क्षण काहीच झालं नाही. मग पुढच्या चाकांना जमीन सापडली, गाडी डावीकडे वळली आणि कडेच्या भुसभुशीत बर्फात, गवताच्या झुबक्यांत, नाक खुपसून थांबली. व्हॅन हातभर अंतरावर. तिच्या खिडकीतून एक लहान मुलगी आमच्याकडे बघत होती.

सिस्टर दार उघडून उतरल्या, गळ्यातली लाल शाल काढली आणि मागच्या वळणापर्यंत भराभरा चालत जाऊन येणाऱ्या गाड्यांना शाल हलवून थोपवायला लागल्या. व्हॅन बाजूला निघेपर्यंत वीस मिनिटं त्या वाऱ्यात तशाच उभ्या होत्या. मग त्या मुलीला आणि तिच्या आईबापांना तपासून, खिशातल्या खोबऱ्याच्या वड्या देऊन परतल्या.

मी किल्ली पुढे केली. "तुम्ही चालवा."

"आत्ता दिलीस तर पुढची पाच वर्षं बर्फावर गाडी नेणार नाहीस. बस. तीसनं चल."

"पण सिस्टर, आत्ता ती मुलगी..."

"हो. ते विसरायचं नाही. आणि गाडीही सोडायची नाही. दोन्ही जमलं पाहिजे."

ऑकलंडला दीड तास उशिरा पोचलो. आई ट्रॉलीवर बसून तिथल्या एका पंजाबी सफाईवाल्या बाईला मेथांबा चाखवत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? मला वाटलं, तुम्ही बर्फात खेळत बसलात."

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर सिस्टरनी मुद्दाम टॅमचं आवार गाठलं आणि आईला पुढच्या सीटवर बसवलं. मी बाहेर टॅमशेजारी उभी होते. पिवळी गाडी बर्फ उधळत, तिरकी होत बादल्यांभोवती फिरली. काचेआड आईनं दोन्ही हातांनी छत धरलेलं. थांबल्यावर खिडकी खाली आली. मला वाटलं, आता ओरडणार.

"अहो सिस्टर," आई म्हणाली, "परत एकदा!"

चारदा परत झालं.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी सिस्टर माझ्या औषध विभागाच्या खिडकीशी आल्या. "काल चौकात मला एक सायकलवाला उशिरा दिसला." काही झालं नव्हतं, त्या वेळेत थांबल्या होत्या. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, चष्मा बदला, चालेल. मीही तेच म्हणाले. "त्यांना चालेल," सिस्टर म्हणाल्या, "मला तो उशिरा दिसला ना." त्या आठवड्यात त्यांनी गाडी विकली. घेणाऱ्या तरुणीला आधी ओहाकुनेला नेऊन दिवसभर बादल्या उडवायला लावल्या, म्हणे.

निवृत्त झाल्यावर त्या ऑकलंडजवळ पापाकुराला भाचीकडे राहायला निघाल्या. सामान आधीच गेलं होतं. त्यांना सोडायला मी माझ्या गाडीतून निघाले. वाययूरूपर्यंत त्या खूप बोलल्या, मिरजेबद्दल, भाचीच्या मुलांबद्दल, ती मुलं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत कशी उत्तरं देतात त्याबद्दल. चढ सुरू झाला तसा आवाज थांबला. मी पाहिलं, तर डोकं खिडकीला टेकून सिस्टर गाढ झोपल्या होत्या.

पुढे वळणांवर बर्फ लागला. मी वेग उतरवला, पाय मऊ ठेवला. त्यांना उठवलं नाही.