बाबांनी पाडलेलं बांडगूळ

वनस्पतिशास्त्राच्या सरांनी माझ्या कागदावर मारलेली लाल फुली मी अजून जपून ठेवली आहे. त्या फुलीवर मी जिंकले, म्हणून.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मंगरूळपीरजवळच्या आमच्या गावातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी, आणि जात्याच भांडखोर. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तीस रानझाडं वाळवून कागदांवर चिकटवून द्यायची होती. त्यावर सरांची सही झाली तरच परीक्षेला बसता येई. माझ्या तिसात दोन आमरी होत्या, म्हणजे ऑर्किड, आंब्याच्या फांदीला धरून, मुळं हवेत सोडून वाढणाऱ्या. एकीची पानं वीतभर लांब आणि जाड, दुसरीची बोटभर आणि अरुंद. सर म्हणाले, ही दोन जातींची झाडं नाहीत, एकाच जातीचं एक थोरलं आहे आणि एक लेकरू. तिसाचा आकडा भरायला मी एकच जात दोनदा चिकटवली, असंही ते भर वर्गात म्हणाले आणि त्यांनी फुली मारली.

मैत्रीण म्हणाली, दुसरं एखादं झाड चिकटव आणि मोकळी हो. तेवढं करणं काही अवघड नव्हतं. पण केलं असतं तर लबाडी कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि मी लबाड नव्हते. फुलं दाखवली असती तर वाद तिथंच मिटला असता. एकीचं फूल तपकिरी जाळीचं, दुसरीचं पिवळं. मात्र फुलायला उन्हाळा यावा लागतो आणि सरांनी मला दिले होते आठ दिवस.

तरी मी हट्टानं गावाकडच्या आमराईत गेले आणि दोन्ही आमरी जिवंत उतरवून आणल्या. घरच्या अंगणातल्या कडुलिंबाला सुतळीनं बांधल्या, पाणी शिंपडलं, एखादी कळी लवकर येईल या वेड्या आशेवर कॉलेजला परतले. शनिवारी घरी आले तर लिंबाची फांदी स्वच्छ. दोन्ही आमरी उकिरड्यावर.

काम बाबांचं होतं. ते लोकांच्या आमराया राखत आणि मोहर यायच्या आधी फांद्यांवरची बांडगुळं कोयत्यानं काढून देत. बांडगूळ झाडाचा रस पितं. आमरी बिचारी फक्त बसायला फांदी मागते. पण आमच्याकडे फांदीवर वाढतं ते सगळं बांडगूळच, आणि ते दिसलं की बाबांचा हात थांबत नसे. घरच्या लिंबावर दोन दिसल्यावर त्यांनी मोठ्या मायेनं झाड साफ केलं होतं. मी रडले, भांडले, सरांनी काय म्हटलं ते पहिल्यांदाच त्यांना सगळं सांगितलं. बाबा उठले. उकिरड्यावर गेले, दोन्ही आमरी झटकून आणल्या आणि ओट्यावर बसून उलटसुलट करून पाहू लागले. मग त्यांनी लहानीच्या बुडाशी चिकटलेली एक वाळकी, उकललेली शेंग बोटानं वर उचलली.

"याले लेकरू म्हनते का तुहा सर? लेकराले लेकरं होतेत काय?"

मी पाहतच राहिले. फुलून, शेंग धरून, बी सांडून मोकळं झालेलं झाड होतं ते. जे वाढायचं ते वाढून झालं होतं. थोरलीलाही गेल्या वर्षीची शेंग होती, चांगली दुप्पट लांब. आणि माझ्या कागदावर यातलं काहीच का नव्हतं? तर झाड दाबण्याआधी वाळकं-सडकं कात्रीनं काढून टाकायचं, असं सरांनीच शिकवलं होतं. मी पुरावा स्वतःच्या हातानं कापून फेकला होता. रागानं हसू आलं.

सोमवारी मी दोन्ही आमरी सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि बाबांचाच प्रश्न प्रमाण मराठीत, नम्रपणे विचारला. सरांनी भिंग घेतलं. शेंगा मोजपट्टीला लावल्या, पानांची टोकं पाहिली. हे कोणी दाखवलं, असं त्यांनी विचारलं. माझ्या वडिलांनी, मी म्हणाले, ते बांडगुळं काढतात. सर्वांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

सरांनी माझा तो कागद ओढला, फुलीच्या शेजारी "दोन जाती, माझी चूक" असं लिहिलं आणि सही केली. मग वर्गाला जवळ बोलावून त्या शेंगा दाखवल्या. त्यासाठी मी त्यांना त्याच दिवशी माफ केलं. एसटीतून घरी येताना मात्र मला सारखं गाणं म्हणावंसं वाटत होतं.

बाबांना अक्षर वाचता येत नव्हतं. मी ती ओळ त्यांना दोनदा वाचून दाखवली. ते समाधानानं मान हलवत कोयत्याला धार लावत राहिले आणि म्हणाले, "शिकलेला हाय, पन सांगतलं का समजते त्याले."